सरपरस्ताचं अत्तर

सेलू, १२ आजूर १३५३ फसली

राजमान्य राजेश्री सूर्यभानराव मास्तर, मुक्काम पाथरी, यांस किशनराव मास्तराचा नमस्कार.

आपली बदली होऊन सहा महिने झाले. एवढ्यात आपल्यात कागदाचा कपटासुद्धा गेला-आला नाही. आज लिहिण्याचे प्रयोजन एवढेच की सोबत एक कागद जोडला आहे, त्यावर सही करून तो उलट टपाली पाठवावा.

जाऊ दे. असं शुद्ध लिहायला लागलो की हात अडतो. झरीला एका गल्लीत वाढलो, एका म्हशीवरून दोघं ओढ्यात पडलो, अन् आता तुला 'आपण' म्हणू? सरळच सांगतो.

मुंजाच्या नावापुढचं तुझं नाव मला काढायचंय.

तुझ्या ध्यानात असल, पोरगं पाचवीला आपल्या मदरशात आलं तव्हा जुन्या सदरसाहेबांचा, त्या हेडमास्तरांचा, कायदा होता. मास्तराचं पोरगं असलं तर बाप त्याचा सरपरस्त राहू शकत न्हाई, दाखल्यावर पालक म्हणून दुसऱ्याचं नाव पाहिजे. बापच मास्तर अन् बापच पालक, मग तक्रार कुणाची कुणाकडं करायची, असं त्यांचं म्हणणं. मीच तुझ्याकडं फॉर्म घेऊन आलतो. मीच म्हणलो, "गड्या, सही ठोक, नावापुरतं हाय." तू खडूच्या बोटांनी सही केलीस अन् कागदावर पांढरा डाग पडला. तो डाग अजून हाय. परवा दफ्तर काढून बघितला.

नावापुरतं म्हणे! माझ्या जिभेला हाड न्हाई, दुसरं काय.

पोरगं माझ्या घरात जेवायचं, माझ्या वाकळंवर झोपायचं, अन् त्याचे मार्क मला तुझ्याकडून कळायचे. दर महिन्याची चिठ्ठी तुझ्याकडं यायची. तू वाचायचास, सही करायचास, मग स्टेशनरस्त्यानं चालता चालता मला सांगायचास, "किशन, आपला मुंजा हिसाबात जरा कच्चा पडायलाय." आपला! तव्हा मी हसायचो. आत काय व्हायचं ते माझं मला ठाऊक.

अन् दर सालच्या जलशाचं तर बोलूच नको. इनाम मिळालेल्या पोराच्या सरपरस्ताला मंडपात वर बोलवायचं, हार घालायचा, मनगटाला अत्तर लावायचं, मग दोघांनी मिळून इनाम घ्यायचं, ही आपल्या मदरशाची रीत. पहिल्या साली मुंजाला खुशखतीचं इनाम. सबंध मदरशात सुंदर उर्दू अक्षर कुणाचं, तर माझ्या पोराचं. लिंबाजी चपराशी ओरडला, "सरपरस्त साहब तशरीफ लाएँ!" मी खुर्चीतून अर्धा उठलोही होतो. मग ध्यानात आलं. धोतर सावरायला उठलो असं दाखवून परत बसलो. तू मात्र शेरवानीची बटणं लावीत वर गेलास. साऱ्या गावासमोर तुझा हात अन् माझ्या पोराचा हात एका बक्षिसावर. संध्याकाळी पोरगं घरी आलं ते तुझ्या मनगटाचं अत्तर बाहीला घेऊन. त्याच्या मायनं, धुरपतानं, तो सदरा चार दिवस धुतला न्हाई. म्हणे, वास जाईल.

दुसऱ्या साली तर कहरच. तुझा तो बुजगावण्याचा खेळ. गावातली येडी माणसं शेतातल्या बुजगावण्याला नवा पाटील समजतात अन् त्याच्यापुढं फिर्यादी मांडतात. त्यात माझं पोरगं बाह्यांत कडबा कोंबून, हात पसरून अर्धा तास उभं. लोक हसून हसून लोळले. सगळं खरं. पण मला सांग, मराठी शिकवायला सरकारनं ठेवलंय मला. तुला ठेवलं उर्दू अन् खुशखत शिकवायला. मग मराठी खेळ तू लिहायचास? लिहिलास तर लिहिलास, मला एका शब्दानं विचारलंस तरी का? परत लिंबाजी ओरडला, परत तुला हार, परत अत्तर.

आता नवे सदरसाहेब आलेत. ते म्हणले, "बाप जिंदा है तो दूसरा सरपरस्त काहे को?" माझ्या मनातलं बोलले. जुन्या सरपरस्तानं हक्क सोडल्याची सही दिली की नाव बदलतात. मुंजा आता सातवीत. आपला मदरसा सातवीपर्यंतच. म्हणजे ह्या फरवर्दी महिन्यातला जलसा त्याचा शेवटचा. ह्या जलशात त्याचा बाप वर जाणार. सही कर अन् मोकळं कर.

तुझ्या बदलीचं मला वाईट वाटलं. कुणा मेल्यानं तुझ्या तक्रारीची ती निनावी दरखास्त धाडली, देव जाणे. गावात जळणारी माणसं काय कमी हायत?

शेवटचं एक. तुला देवानं लेकरू दिलं न्हाई, त्यात माझा काय गुन्हा?

किशन

⁂

सेलू, २ दै १३५३ फसली

सूर्यभान,

कागद मिळाला. सही मिळाली. एवढ्या लवकर येईल असं वाटलं नव्हतं. मी भांडणाची तयारी करून बसलो होतो. तू काय म्हणशील, त्यावर मी काय म्हणीन, सगळं मनात घोळून ठेवलं होतं. अन् तू नुसती सही धाडलीस. वर न्हाई, खाली न्हाई, खुशाली न्हाई. मागच्या पत्राच्या शेवटी मी लेकराबद्दल लिहिलं ते लिहायला नको होतं. टपालात टाकल्यावर वाटलं. पण त्याचाही तू राग लिहिला न्हाईस. मुंजाला आशीर्वादाची एक ओळही न्हाई. एवढा कसला माज हाय रे?

आता मी सरपरस्त. दफ्तरात लाल शाईनं तुझं नाव खोडलं, बाजूला माझं लिहिलं. लिंबाजीला मी पेढा दिला. तो म्हणला, "मास्तर, पोरगं झालं काय?" साऱ्या मास्तरांना हसायला निमित्त झालं. हसू देत.

जलशाची जिम्मेदारीही ह्या साली माझ्याकडं आलीय. कवायत, उर्दू शेरांची बैतबाजी, खुशखतीच्या तख्त्यांचं प्रदर्शन, सगळं. बाकी मदरसा तू सोडलास तसाच हाय. बाजूच्या जिनिंगातला कापूस अजून खिडकीतून उडून येतो अन् पोरांच्या दौतीत पडतो. दुपारच्या गाडीची शिट्टी झाली की अजून सगळी जमाअत माना वळवून बघते. नाटक मी स्वतः लिहिलंय. एका सत्यवचनी राजाचं. भाषा अशी की पुण्याच्या माणसानं टोपी काढावी. मुंजा राजा झालाय. पण काय सांगू, पोरं उभी राहतात ती खांबावानी. परवा तालमीत प्रधान झालेलं पोरगं मधीच म्हणलं, "जनाब, सूर्यभान मास्तर असते तर ह्या जागी त्यांनी हसवलं असतं." मी त्याला बाकावर उभं केलं. सूर्यभान मास्तर! सहा महिने झाले जाऊन, तरी भिंतीत बसल्यासारखा हाईस तू ह्या मदरशात. ड्रिलला उभं राहायलेत तर तुझ्यासारखं, 'हाजिर' म्हणायलेत तर तुझ्या चालीवर.

घरीही तीच तऱ्हा. दिवाळीला अनरसे केले तर धुरपता म्हणती, "भाऊजी असते तर आठ खाल्ले असते." मी दहा खाल्ले. पोट दुखलं ते वेगळं.

अन् मुंजा. मदरशात तो मला 'जनाब' म्हणतो ते बरोबर, कायदाच हाय. पण आजकाल घरीही 'जनाब' म्हणायलाय. "जनाब, जेवायला चला." माय त्याची डोळे वटारती. मी म्हणतो, राहू दे, सवय लागली असल. पण सवय कशी लागंल? दोन वर्षं न्हाई लागली.

एक कबूल करतो. त्यानं तुला तीन कार्डं धाडली. त्याच्या मायनं सांगितलं. तुझं एकाचंही उत्तर आलं न्हाई. मी रोज टपालाकडं डोळा ठेवून असतो, म्हणून मला माहीत. अन् खरं सांगू? पहिल्या वेळी उत्तर आलं न्हाई तव्हा मला बरं वाटलं. दुसऱ्या वेळीही बरं वाटलं. तिसऱ्या वेळी पोरगं स्टेशनवर टपालाच्या गाडीपर्यंत जाऊन रिकाम्या हातानं परत येताना बघितलं, तव्हा बरं वाटलं न्हाई. म्हणून लिहायलोय. न्हाईतर तुझ्याशी माझं काय काम?

किशन

⁂

सेलू, १८ बहमन १३५३ फसली

सूर्यभान, लेका, तुझं काळीज दगडाचं हाय काय?

महिना-दीड महिना झाला, तू मला उत्तर दिलं न्हाईस. मला नको देऊ. मी तुझा कोण? पण पोरानं तुझं काय घोडं मारलंय?

ऐक, काय झालं ते. जलशाच्या प्रदर्शनाला सातवीच्या पोरांनी खुशखतीच्या तख्त्या द्यायच्या. सगळ्यांनी दिल्या. मुंजानं दिली न्हाई. नव्या सदरसाहेबांनी विचारलं तर म्हणला, "जनाब, माझं अक्षर वाईट हाय." वाईट! ज्या अक्षराला पहिल्या साली इनाम मिळालं ते! सदरसाहेबांनी मला बोलावलं. सरपरस्त मीच की आता. म्हणले, "मास्तर, लडके को समझाओ." घरी येऊन त्याचं दप्तर उघडलं तर तू दिलेला लिहायचा बरू दोन तुकडे करून तळाला ठेवलेला. फेकला न्हाई, बघ. मोडला अन् ठेवला.

म्हणलं, "कामून मोडलास?"

"मोडला, जनाब."

"अरं पण कामून?"

मी हात उगारला. त्यानं गाल पुढं केला. माझा हात तसाच राहिला वर. धुरपता चुलीपासून उठून आली अन् म्हणली, "मारा की. सरपरस्त ना तुमी?" अशी बोलती ही बाई. तिच्या भावाला मी ह्या सोयरिकीबद्दल कधी माफ करणार न्हाई.

नाटकात राजाचं भाषण तो पाठ म्हणतो, एक शब्द चुकत न्हाई, पण धान्याच्या पोत्यागत उभा राहतो. मागच्या साली कडबा भरून हात पसरून नुसता उभा होता तर जिवंत वाटायचा. आता मुकुट घालून बोलतोय तर बुजगावणं वाटायलाय. हे मी माझ्याच नाटकाबद्दल लिहायलोय, ध्यानात घे.

जेवायचं तेवढं जेवतो. शेवटची गाडी गेली की स्टेशनरस्त्याकडं बघत बसतो. झुरायलंय पोरगं तुझ्यामागं. मला काय वाटत असल ते लिहीत न्हाई, तू समजून घे. बाप समोर जिवंत बसलाय अन् पोरगं पाथरीच्या वाटंकडं बघतंय. तरी मीच तुला हात जोडतो की दोन ओळी लिही त्याला. 'मुंजा, खुशाल हाय, बरू दुसरा घे.' एवढंच. मला जळायचं ते मी जळीन.

अन् एक विचारायचं राहूनच जातंय. तुझ्या चौकशीच्या दिवशी शिक्षण खात्याच्या मोहतमिम साहेबांनी ती निनावी दरखास्त तुझ्या हातात दिली. तू ती लय वेळ बघत राहिलास. वाचायला एवढा वेळ लागत न्हाई तुला. साहेबांनी अक्षरावर बोट ठेवून विचारलं, "ये तहरीर किसकी है, पहचानते हो?" तू म्हणलास, "नहीं जनाब." अन् खेळाला लेखी मंजुरी घेतली नव्हती, चूक माझी हाय, असं म्हणून बदली पदरात घेतलीस. भांडला न्हाईस. तुझ्यासारखा भांडखोर माणूस! मी तिथंच उभा होतो, म्हणून विचारतो. तुझा कुणावर संशय हाय काय? माझ्यावर असल तर तसं तोंडावर लिही. मी काय त्या दरखास्तीला हात लावला न्हाई.

किशन

⁂

सेलू, १० इस्फंदार, संक्रांत

तुझ्या चार ओळी मिळाल्या.

वाचल्या. परत वाचल्या. धुरपता तीळगूळ घेऊन समोर उभी होती, तिला म्हणलं नंतर. आज लिहिता येत न्हाई. मग लिहितो.

⁂

सेलू, १४ इस्फंदार १३५३ फसली

सूर्या,

तुझं पत्र समोर ठेवून लिहायलोय. तू लिहिलंस, "किशन, तो कागद कुणी लिहिला ते मी हातात घेतल्या क्षणी ओळखलं. त्या अक्षराला मीच वळण दिलंय. तालमीत एकदा सगळ्यांसमोर मी त्याचा कान धरला होता, त्याचा राग असल. माझीच चूक. पोराला काही बोलू नको, लहान हाय. त्याच्या कार्डांना काय उत्तर लिहावं ते मला सुचत न्हाई."

आठ-नऊ महिने तू हे पोटात धरून बसलास. पाथरीला एकटा भाकरी भाजून खायलास, अन् मनात हे, की ज्या पोराला हात धरून लिहायला शिकवलं त्यानंच तुझा गळा कापला. अन् तरी म्हणलास, "नहीं जनाब." पोराचं नाव येऊ नये म्हणून. अन् मी तिथं भिंतीला टेकून उभा होतो, मनात म्हणत होतो, वाचलो.

अक्षर मुंजाचं. मजकूर माझा. आता ऐक सगळं, मधी थांबवू नको, थांबलो तर परत लिहिणार न्हाई.

बुजगावण्याच्या खेळाला आठ दिवस झाले होते. तुझ्या मनगटाचं ते अत्तर घरात अजून घुमत होतं. जुम्म्याची सुट्टी, दुपारची वेळ. माझं उर्दू अक्षर साऱ्या मदरशाला ठाऊक, कोंबडीनं उकिरडा उकरावा तसं. मी लिहिली असती तर पहिल्या ओळीला सापडलो असतो. मी मुंजाला ओट्यावर बसवलं. म्हणलं, इम्तिहानात दरखास्त लिहायला येती, इम्ला घे. मी बोललो, त्यानं लिहिलं. एका मदरशात एक मुदर्रिस हाय, तो मंजुरीशिवाय खेळ बसवतो, त्या खेळात सरकारी ओहदेदारांची थट्टा करतो, पोरांना बिघडवतो. नावाच्या जागी म्हणलं, जागा सोड. त्यानं बरू थांबवून विचारलं, "आप्पा, हा खेळ कोणता?" मी म्हणलं, "कोणताबी. इम्ला हाय, तू लिही."

तव्हा तो मला आप्पा म्हणायचा.

पोरानं जीव ओतून लिहिलं, सूर्या. आप्पा क्वचित काही शिकवायला बसतात, त्यांची शाबासकी मिळवायची होती त्याला. मी शाबास म्हणलोही. तो खेळायला गेल्यावर सोडलेल्या जागेत तुझं नाव मी माझ्या हातानं घातलं. नीट बघितलं असतंस तर तेवढं नाव वाकडं दिसलं असतं. चौकशीच्या दिवशी मला वाटलं, तिथंच पकडला जाईन. पण तुझी नजर पोराच्या अक्षरावर खिळली अन् पुढं सरकलीच न्हाई.

त्याच दिवशी साहेबांनी दरखास्त व्हरांड्यात मोठ्यानं वाचली होती. सहावीच्या खिडक्या उघड्या होत्या. संध्याकाळी मुंजा मला म्हणला, "आप्पा, माझा तो इम्ला कुठं हाय?" मी म्हणलं, "चुलीत घातला." त्यानं चुलीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. म्हणला, "जी, जनाब." तेव्हापासून जनाब. सवय लागली असल असं मी तुला लिहिलं होतं. खोटं लिहिलं होतं. मला दिवस अन् वेळही माहीत हाय.

तुझं पत्र आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी मी पोराला जिनाच्या मागं घेऊन गेलो, कापसाच्या गंज्यांपाशी. घरात तोंड उघडंना माझं. तुझ्या चार ओळी त्याला वाचून दाखवल्या.  तो म्हणला, "मास्तरांना वाटलं मी मनानं लिहिलं?" मी मान हलवली. म्हणलं, "तू कार्डात खरं कामून लिहिलं न्हाईस? तीन कार्डं धाडलीस." तर म्हणतो, "कसं लिहू? तुमचं नाव आलं असतं. मी नुसतं माफ करा लिहिलं."

अन् तुला वाटलं, पोरगं गुन्हा कबूल करायलंय.

मी तिथंच खाली बसलो. अख्खं वर्ष मी म्हणत होतो, पोरगं तुझं झालं, माझं राहिलं न्हाई. रोज जळत होतो. अन् तेरा वर्षांचं पोरगं आपल्या जिवाच्या मास्तराला तोडून माझं नाव झाकत बसलं होतं. अजून किती माझं व्हायचं होतं त्यानं? मी रडलो, सूर्या. जिनातले हमाल बघायले होते, तरी रडलो. पोरानं मला उठवलं न्हाई. पण गेलाही न्हाई. बाजूला उभा राहिला.

आता काय केलं ते सांगतो. काल मोहतमिम साहेबांना दुसरी दरखास्त धाडली, की पहिली मीच लिहवून घेतली होती. नाव-गावासकट, माझ्या हातानं. कोंबडीनं उकरलेली असली तरी वाचता येईल. नोकरीचं काय व्हायचं ते होईल. बदली केली तर पाथरीच मागून घेतो, तुझ्याशी रोज तोंडावर भांडता तरी येईल. धुरपताला सगळं सांगितलं. ती दोन दिवस माझ्याशी बोलली न्हाई, अन् ती बोलत न्हाई म्हणजे घरात किती शांत असतं ते तुला ठाऊक हाय.

सदरसाहेबांकडं जाऊन तुझी हक्कसोड परत मागितली. ते भडकले. "मदरसा है या मजाक? आज ये सरपरस्त, कल वो सरपरस्त!" म्हणलं, साहेब, चूक माझी, शेवटचीच. त्यांनी माझं नाव लाल शाईनं खोडलं. दफ्तराचा तो कागद आता बघवत न्हाई. पण तुझा खडूचा डाग अजून हाय त्यावर.

५ फरवर्दीला जलसा. सत्यवचनी राजा मी रद्द केला. ते नाव घेऊन मंडपात बसायला मला तोंड न्हाई. पोरं म्हणली, बुजगावणं करू. ह्या वेळी लेखी मंजुरी काढलीय, शिक्का बघून घेतलाय. खेळ तुझा, तालीम मी घ्यायलोय, अन् पोरं मला रोज सांगायलीत, जनाब, मास्तर असं न्हाई तसं करायचे. ऐकून घेतो. करतो काय!

तू ये. आदल्या दिवशी ये, बैलगाडी धाडतो. मुंजाला इनाम मिळालं तर लिंबाजी ओरडंल अन् तू वर जाशील. मी खाली बसीन. धोतर सावरायला उठणार न्हाई. जळणार मात्र नक्की. त्याचं औषध मला ह्या जन्मी मिळंल असं वाटत न्हाई, अन् तुला खोटं लिहायचं मी आता सोडलंय.

पत्र लिहून झालं. मुंजाला म्हणलं, "मास्तरांना काही सांगायचं हाय का? लिही खाली." त्यानं मान हलवली, न्हाई म्हणला. मी पाकीट घेतलं अन् पत्ता लिहायला बसलो. तर बाजूला येऊन उभा राहिला. म्हणला, "तुमच्या अक्षरानं जायचं न्हाई पाथरीला. आणा इकडं." मोडक्या बरूचा लांबडा तुकडा घेतला, चाकूनं टोक काढलं, दौतीतला कापूस बाजूला केला, अन् इतक्या महिन्यांनी बरूनं लिहिलं पोरानं.

तू पाकीट आधीच बघितलं असशील. तरी सांगतो, मी जवळ धरून वाचलं ते. जनाब सूर्यभान साहेब, सरपरस्त मुंजाजी वल्द किशनराव. दोघांची नावं एका ओळीत, अन् तुझं माझ्या आधी. वाचलं अन् जळलोच.

मग म्हणला, "आप्पा, डिंक लावा. गाडी यायची वेळ झाली."

किशन